गावाचे शिकणे आणि ग्रामपंचायत : भंडारा जिल्ह्यापुरता एक विचार

एकाच कामाला आपण आजवर किती नावे दिली याची मोजदाद केली तर थोडी गंमत वाटते. पूर्वी रात्रशाळा होत्या. मग 'प्रौढशिक्षण' हा शब्द आला. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद शिक्षणमंत्री असताना, नुसती अक्षरओळख पुरेशी नाही, नागरिक म्हणून जगण्याचेही शिक्षण हवे, या विचाराने 'समाजशिक्षण' हे नाव रूढ झाले. १९७८ च्या २ ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले, त्यामागून 'निरंतर शिक्षण' आले, आणि २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम 'उल्लास' या नावाने चालू आहे. विद्यापीठांतून 'आजीवन अध्ययन व विस्तार' या नावाचे विभाग असतात. नावे बदलण्यात आपला हात कोणी धरणार नाही. परंतु या सर्व नावांच्या पाठीमागे एक प्रश्न जुनाच उभा आहे. शिकविण्याची मोहीम संपल्यावर जे शिकले ते टिकवायचे कोणी?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आपल्या भंडारा जिल्ह्यापुरता करावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, हे काम ग्रामपंचायतीचे व जिल्हा परिषदेचे आहे, पण त्या ते एकट्याने करू शकत नाहीत. आणि ज्यांना बरोबर घेऊन ते करता येईल असे लोक व संस्था गावात अगोदरच आहेत. त्यांच्याकडे 'शिक्षण' म्हणून पाहण्याची आपल्याला सवय नाही, एवढेच.

या विषयाकडे माझे लक्ष एका साध्या प्रसंगाने वेधले गेले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही एका खेड्यात सात दिवस होतो. एके संध्याकाळी महिला बचत गटाची बैठक होती म्हणून आम्ही दोघी-तिघी तेथे जाऊन बसलो. दहा-अकरा बायका होत्या. वही मध्ये ठेवलेली. प्रत्येक बाईने आपल्या नावापुढे सही केली; अंगठा कोणीच लावला नाही, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. बैठक संपल्यावर एक काकू कर्जाचा कागद घेऊन माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, सही तं माह्यीच आहे याच्यावर, पण यात लिवलं काय आहे ते सांगून द्या." सही त्यांची होती. मजकूर त्यांचा नव्हता. काही वर्षांपूर्वी साक्षरतेच्या वर्गात त्या वाचायला शिकल्या होत्या. नंतर वाचायला हाती काही आले नाही, आणि हळूहळू सहीपुरती अक्षरे तेवढी शिल्लक राहिली.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८४ टक्के होते. आकडा वाईट नाही. पण जनगणनेतील साक्षरता घरातील माणसाने दिलेल्या उत्तरावर ठरते. कोणी पुस्तक पुढे धरून वाचून घेत नाही. त्या काकूंची गणती साक्षरांतच झाली असणार. दर पाच माणसांपैकी चार खेड्यांत राहणाऱ्या या जिल्ह्यात अशा अर्ध्या सुटलेल्या शिक्षणाचा हिशेब कोणत्याच रकान्यात येत नाही.

हे काही आजच घडत आहे असे नाही. महाराष्ट्राला याचा धडा साठ वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात 'ग्रामशिक्षण मोहीम' सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर नेण्यात आली. तिची मूळ कल्पना फार चांगली होती. एकेका माणसाला नव्हे, तर अख्ख्या गावाला एक घटक मानायचे. चौदा ते पन्नास वयाचा एकही निरक्षर मागे राहता कामा नये. शाळेचे गुरुजी आणि गावातील शिकलेली मुले शिकवीत; त्यांना मानधन नसे. गावाची ईर्षा हेच भांडवल. शेजारचे गाव साक्षर झाले आणि आपले राहिले, ही गोष्ट गावकऱ्यांना झोंबत असे. आणि गाव पूर्ण साक्षर झाले की 'ग्रामगौरव समारंभ' होई. मोठ्या सणासारखा तो दिवस असे.

परंतु या समारंभातच मोहिमेचे दुखणे होते असे मला वाटते. समारंभ झाला की गावाला वाटे, काम झाले. वर्ग बंद झाले, गुरुजी आपल्या मुलांकडे वळले, आणि नव्याने वाचू लागलेल्या माणसाला वाचण्यासाठी गावात काही नव्हते. पुष्कळ लोक पुन्हा निरक्षरतेकडे घसरले, हे त्या मोहिमेविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी मान्य केले आहे. शेतकऱ्याला याचे नवल वाटू नये. रोवणी झाल्यावर बांधीत पाणी ठेवले नाही तर धान हाती येत नाही. रोवणीच्या दिवशी कितीही गाणी म्हटली तरी.

नव्वदच्या दशकातील संपूर्ण साक्षरता अभियानातही वेगळ्या रीतीने हेच घडले. केरळमधील एर्नाकुलम जिल्हा १९९० च्या फेब्रुवारीत संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला, आणि त्या धर्तीवर देशभर, आपल्याकडे सिंधुदुर्ग, वर्धा इत्यादी जिल्ह्यांतून अभियाने झाली. यासाठी जिल्हा साक्षरता समिती नावाची नोंदणीकृत संस्था असे आणि तिचे अध्यक्ष सामान्यतः जिल्हाधिकारी असत. अधिकारी उत्साही असला म्हणजे काम वेगाने चाले यात शंका नाही. पण जिल्हाधिकारी बदलून जातात. ग्रामपंचायत बदलून कोठे जाणार? सरपंच हरला तरी तो त्याच गावात राहतो. अभियानाचे दप्तर लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेबाहेर ठेवल्यामुळे अभियान संपले तेव्हा ते दप्तर कोणाच्याच ताब्यात राहिले नाही.

येथे कोणी विचारील की ग्रामपंचायतीला हे करण्याचा अधिकार आहे काय? अधिकार पुष्कळ आहे. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने, जी १९९३ च्या २४ एप्रिलपासून अंमलात आली, अकरावी अनुसूची जोडली. तीत पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय आहेत. त्यांत शाळा आहेत, तांत्रिक व व्यवसायशिक्षण आहे, एकोणिसावा विषय प्रौढ व अनौपचारिक शिक्षण हा आहे, विसावा ग्रंथालये आणि एकविसावा सांस्कृतिक कार्य. हे विषय एकाखाली एक यावेत हा योगायोग असेल, पण बोलका आहे. प्रौढांचे वर्ग, वाचनालय आणि नाटक-भजन या गोष्टी गावात एकमेकींच्या शेजारीच असतात. त्याही आधी, १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ग्रामसूचीत शिक्षणाचा प्रसार, वाचनालये, आखाडे, करमणुकीच्या जागा यांचा समावेश आहेच.

आपल्या भागाला तर स्थानिक स्वराज्याची परंपरा उर्वरित महाराष्ट्राहून थोडी निराळी व जुनी आहे. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मध्यप्रांतात १८८३ चा स्थानिक स्वराज्य कायदा झाला. १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात तहसील हा घटक धरून जनपद सभा स्थापण्याची योजना आली. त्या काळी आपल्या जिल्ह्यात भंडारा, गोंदिया आणि साकोली अशा तीन तहसिली होत्या. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेल्या कायद्याप्रमाणे १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद व पंचायत समित्या आल्या. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आज भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके आहेत आणि पाचशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. म्हणजे यंत्रणेची उणीव नाही.

पैशाचे म्हणाल तर चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला आणि 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने गावाने आपला आराखडा आपण करावा अशी पद्धत सुरू झाली. आराखड्यात शिक्षणाला जागा आहे. पण ग्रामसभेत बसून पाहावे. चर्चा नालीची, सिमेंट रस्त्याची, हायमास्ट दिव्याची होते. यात गावकऱ्यांची चूक नाही. नाली दिसते, वाचायला आलेली बाई दिसत नाही. दिव्याखाली आमदारांच्या हस्ते फीत कापता येते.

'लोकसहभाग' या शब्दाविषयीही दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे लोकसहभाग म्हणजे निर्णय वर झाल्यानंतर खाली मागितलेले श्रमदान, असा अर्थ होऊन बसला आहे. ही भागीदारी नव्हे. भागीदारीत दोघांचे काही ना काही गुंतलेले असते आणि दोघांनाही 'नाही' म्हणता येते.

खऱ्या भागीदारीचे एक जुने मराठी उदाहरण बडोद्याचे आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० च्या सुमारास संस्थानात ग्रंथालयांची चळवळ सुरू केली, तीसाठी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे तज्ज्ञ आणले. पण गावोगावची वाचनालये राजाच्या हुकमाने उघडली गेली नाहीत. गावाने आधी ठरावीक रक्कम जमवावी, तेवढीच रक्कम पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने, असा तिहेरी नियम होता. ज्या गावाला वाचनालय नको त्याच्यावर ते लादले जात नसे. आणि ज्याने स्वतःचे पैसे घातले त्याचे त्या कपाटावर लक्ष राहत असे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यातही या विचाराचा एक धागा आहे. आपली शासनमान्य वाचनालये सरकारची नसतात. ती लोकांच्या नोंदणीकृत संस्थांची असतात आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे अनुदान देते. मात्र बडोद्याच्या तीन भागीदारांपैकी मधला भागीदार, पंचायत, येथे जवळजवळ गळाला आहे. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी स्थानिक करावर उपकर बसविला. महाराष्ट्राने तो बसविला नाही. त्यामुळे वाचनालयाचे चिटणीस अनुदानाकडे डोळे लावून बसतात आणि ग्रामपंचायतीला वाटते की हा आपला विषय नव्हे. काही ठिकाणी तर दोघांची दारे एकाच आवारात उघडतात!

पण आपल्या जिल्ह्यात गावाच्या शिकण्याचा सर्वांत मोठा विषय पुस्तकात नसून पाण्यात आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी येथे तलाव आणि बोड्या बांधल्या. कोठे पाळ घालावी, सांडवा कोठून काढावा, कोणत्या बांधीला आधी पाणी द्यावे, हे शास्त्र कोणत्याही महाविद्यालयात शिकविले जात नव्हते; ते बापाकडून मुलाकडे येत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. सरकारी कागदांत त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, थोडक्यात 'मामा तलाव'. (मामाच्या घरची कामे कोणी करावी यावरून वाद व्हायचेच!) शंभर हेक्टरपर्यंत ओलीत करणारे लहान तलाव जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असतात. म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था तलावाची मालक, शेतकरी पाण्याचा वापर करणारा, आणि मासेमारीचा ठेका बहुधा ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे. तिघे एका पाळीवर उभे आहेत, पण तिघांचे बोलणे क्वचितच होते. मालगुजाराच्या जुलमाविषयी काही बोलायचे कारण नाही, तो होताच. पण पाळीची देखरेख करणारा कोणी एक होता, तो गेला आणि त्याबरोबर देखरेखीचे ज्ञानही पातळ होत गेले. गाळ साचला, बेशरम माजली.

या तलावांवर एक प्रयोग झाला तो प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा असा आहे. जुन्या भंडारा जिल्ह्यातील, आता गोंदियात गेलेल्या, अर्जुनी मोरगाव परिसरात 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' ही संस्था काम करते. मंडळाने ढिवर समाजातील जाणत्या मासेमारांबरोबर बसून त्यांना ठाऊक असलेल्या माशांची आणि पाणवनस्पतींची नोंद केली. कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो, कोणते कंद नाहीसे झाले, कोणता पक्षी का येईनासा झाला, हे त्या माणसांना माहीत होते. त्यांतील कित्येकांना लिहिता येत नव्हते. मग मच्छीमार संस्थांनी व बायकांच्या गटांनी मिळून बेशरम उपटली, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि गावचे मासे परत येऊ लागले.

येथे शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण? पदवीधर कार्यकर्ता ढिवराकडून माशांची नावे शिकला. ढिवर संस्थेचा सभासद ठेक्याचा करार, वार्षिक सभा आणि लेखापरीक्षण शिकला. बायका सभेत उभ्या राहून बोलायला शिकल्या. वर्ग नाही, फळा नाही, परीक्षा नाही. तरीही मी ज्याला आजीवन शिक्षण म्हणते ते याहून वेगळे काही नाही. कारण येथे शिकलेले वापरावेच लागते. वापरात असलेले अक्षर विसरत नाही.

अशा कामाला स्थानिक स्वराज्य संस्थेने हात देण्यासाठी नवा कायदाही लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे आणि गावकऱ्यांना विचारून 'लोक जैवविविधता नोंदवही' करायची आहे. ही नोंदवही म्हणजे गावाने स्वतः लिहायचे पाठ्यपुस्तकच होय. म्हातारी माणसे सांगतील, शाळेतील मुले लिहितील, महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नावे तपासील. पण न्यायालयीन मुदतीच्या धाकाने देशात पुष्कळ ठिकाणी या नोंदवह्या घाईघाईने पूर्ण करण्यात आल्या आणि कपाटात गेल्या. वही पूर्ण झाली हा पुन्हा एक 'ग्रामगौरव समारंभ'च झाला. खरे म्हणजे अशी वही पूर्ण होताच कामा नये; दर पावसाळ्यानंतर तिच्यात भर पडली पाहिजे.

तलावाप्रमाणेच आपल्या झाडीपट्टीत आणखी एक विद्यापीठ आहे, ते रात्री भरते. भाऊबीजेपासून मंडई सुरू होतात. दिवसा शंकरपट, रात्री दंडार, खडीगंमत किंवा तीन अंकी नाटक. हजारो माणसे थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. गाव स्वतः वर्गणी काढते, मंडप घालते, कंपनीशी करार करते, हिशेब ठेवते. ज्या गावाला हे करता येते त्याला वाचनालय चालविता येणार नाही असे म्हणणे मला पटत नाही. तीच गोष्ट गुरुदेव सेवा मंडळांची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता १९५५ मध्ये सिद्ध झाली, आणि विदर्भातील कितीतरी गावांत संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर तिचे वाचन होते. नव्याने वाचू लागलेल्या माणसासाठी याहून सोयीचे साधन कोणते? मजकूर ओळखीचा, ओवी तोंडात बसलेली, चुकले तर हसणारे कोणी नाही. ग्रामपंचायतीने येथे फक्त एवढेच करावे, एक दिवा, एक सतरंजी आणि मोठ्या टायपातील दोन-चार प्रती. पुढचे मंडळ पाहील.

बाहेरच्या जगातही जेथे हे काम टिकले तेथे ते गावाच्या संस्थेकडे गेले म्हणून टिकले. जपानने दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, 'कोमिनकान' नावाची नागरिकगृहे उभारली आणि १९४९ च्या समाजशिक्षण कायद्याने ती नगरपालिका व गावसंस्थांकडे सोपविली. पराभूत, उपाशी देशात कोणी शिवण शिकले, कोणी पाकक्रिया, कोणी नवी राज्यघटना वाचायला. केरळमध्ये अक्षरओळखीनंतर चौथी, सातवी आणि दहावीच्या समकक्षतेचे वर्ग स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मदतीने चालू राहिले, आणि १९९६ च्या लोकयोजना मोहिमेने पंचायतींच्या हाती पैसा व निर्णय दोन्ही दिले. त्रिशूर व निलंबूर ही तेथील शहरे २०२२ मध्ये युनेस्कोच्या 'शिकणाऱ्या शहरां'च्या जाळ्यात गेली, त्यामागे ही पूर्वतयारी आहे. केरळचे सगळेच आपल्याला जमेल असे मी म्हणत नाही. तेथे वाचनालयांची चळवळ खेडोपाडी आधीच रुजलेली होती. पण आपल्याकडेही मंडई आहे, प्रार्थना आहे, बचत गट आहेत.

सध्याच्या 'उल्लास' कार्यक्रमाकडे या दृष्टीने पाहावे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवक शिकवितात, त्यांना मानधन नाही. नंतर १५० गुणांची चाचणी होते, वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण. महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी पहिली मोठी चाचणी झाली तेव्हा आजीबाई नातवंडांच्या बाकावर बसलेल्या आपण छायाचित्रांतून पाहिल्या. ते दृश्य हृद्य होते. परंतु शोधणे, नोंदविणे, जोडून देणे हे सारे काम प्राथमिक शाळेच्या शिक्षकांवर पडते. एकोणीसशे एकोणसाठच्या गुरुजींवर पडले होते तसेच. ग्रामपंचायत पाहुणी म्हणून येते.

आणि हंगामाचे भान? मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे मोहफुले वेचायला पहाटे चारला उठावे लागते. मे महिन्यात तेंदूपत्ता. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी; त्या दिवसांत बाई संध्याकाळी चिखलातून घरी येते ती अक्षरे गिरवायच्या स्थितीत नसते. कापणी-चुरणी आटोपली की डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत रात्री मोकळ्या सापडतात. राज्याचे वेळापत्रक पुण्याहून निघते. ते गावाच्या कामाशी जुळवून घेणे हे पुण्याला शक्य नाही, पंचायत समितीला आहे. स्थानिक स्वराज्याचा उपयोग याहून अधिक स्पष्ट कोठे दिसणार?

आणखी एक विद्यार्थी आपण विसरतो. तो म्हणजे स्वतः ग्रामपंचायत सदस्य. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. निवडून आलेल्या बाईसमोर अंदाजपत्रक येते, ठराव येतो, निविदा येते. दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण होते आणि मग ती ग्रामसेवकाच्या बोटाकडे पाहून सही करते. बचत गटातील काकूंची आणि हिची अडचण एकच आहे, फक्त कागद मोठा आहे. मला वाटते, येथे आपल्यासारख्या कला महाविद्यालयांनी पुढे यावे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने पंचायतराज परीक्षेसाठी पाठ करण्याऐवजी महिन्यातून एकदा एखाद्या ग्रामपंचायतीच्या सदस्यांबरोबर बसून त्यांचेच इतिवृत्त वाचावे. त्यात तिचा जितका फायदा तितकाच आपला. कलम आपल्याला ठाऊक असते, पण ते कोठे अडते ते तिला ठाऊक असते. सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी नवे गाव शोधते. तेच गाव सलग पाच वर्षे घेतले तर काय बिघडेल? आमच्या प्राध्यापकांना मी हे विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "अर्ज लिही." तो अर्ज मी लिहिला आहे.

शेवटी किल्लीची गोष्ट. गावात प्रौढांनी बसायला सर्वांत चांगली जागा जिल्हा परिषदेची शाळा. वीज आहे, फळा आहे, आता पुष्कळ ठिकाणी दूरचित्रवाणी संच व संगणकही आहे. पाच वाजता तिला कुलूप लागते आणि किल्ली मुख्याध्यापकांबरोबर तालुक्याच्या गावी जाते. त्यांचाही दोष नाही. काही हरवले तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते. इमारत जिल्हा परिषदेची, जबाबदारी शिक्षकाची, गरज गावाची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. म्हणजे ज्या बायकांना संध्याकाळी त्या खोलीत बसून वाचायचे आहे, त्यांच्यापैकीच काही जणी त्या समितीच्या सभासद आहेत. आम्ही ज्या गावात शिबिराला होतो तेथील समितीच्या दोघी सभासदांना आम्ही हे सांगितले. त्यांना ठाऊक नव्हते. पुढच्या मासिक सभेत, आठवड्यातून तीन संध्याकाळी एक खोली उघडी ठेवावी आणि किल्ली बचत गटाच्या अध्यक्षांकडे द्यावी, वीजबिलाचा वाटा ग्रामपंचायतीने उचलावा, असा विषय मांडायचे त्यांनी ठरविले. ठरावाचा मसुदा आमच्यापैकी एकीने लिहून देऊ केला, तेव्हा त्या काकू म्हणाल्या, "नको. तुम्ही सांगा, मी लिवते." दीड तास लागला.